कोरी डोकी जपून खर्च करा: पेठांमधला कोडेशोध कसा आखायचा आणि कसा तपासायचा

कोडं सोपं आहे की अवघड, हे ते रचणाऱ्याला कळत नाही. त्याला उत्तर माहीत असतं, आणि उत्तर माहीत नसतानाचं डोकं त्याला परत मिळत नाही. आमच्या वाचनालयाच्या पहिल्या कोडेशोधात, म्हणजे गटाने फिरत कोडी सोडवायच्या खेळात, मी मोडी लिपीतल्या एका चिठ्ठीचं कोडं केलं होतं. सोबत मोडीची बाराखडी छापून दिली होती, म्हणून दहा मिनिटांत सुटेल असं धरून चालले होते. बारा गटांपैकी एकालाही ते पाऊण तासात सुटलं नाही. मोडीत ओळ सलग लिहितात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांत फरक करत नाहीत. माझ्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायला हवं असं वाटलंच नाही. शाळकरी मुलं आई-वडिलांबरोबर भर उन्हात चौकात उभी राहून एकेक अक्षर लावत होती, आणि जमत नाही तेव्हा चूक आपलीच आहे असं समजत होती. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

ती चिठ्ठी मी आधी एकाही तिऱ्हाईताला दाखवली नव्हती. त्यानंतरचे सगळे खेळ आम्ही एका गोष्टीभोवती आखले: ज्याने कोडं पाहिलेलं नाही असं डोकं. त्याला आम्ही ‘कोरं डोकं’ म्हणतो. ते प्रत्येक कोड्यासाठी एकदाच वापरता येतं, आणि पैसे, जागा, छपाई या सगळ्यांपेक्षा ते आधी संपतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८१ साली ब्रॅड शेफर या विद्यार्थ्याने ‘मिस्टरी हंट’ हा कोडेशोध सुरू केला. तो आजही दर जानेवारीत होतो आणि जिंकणारा संघ पुढच्या वर्षीचा हंट रचतो. म्हणजे जिंकलेल्यांना पुढच्या वर्षी खेळता येत नाही; त्यांची डोकी त्या वर्षापुरती खर्ची पडलेली असतात. २०१३ सालचा हंट सत्तर तासांहून जास्त चालला. इतका अनुभव असलेल्या लोकांचाही अंदाज चुकतो, तर आपण पहिल्याच खेळात अंदाजावर विसंबू नये.

खाली मी पुण्याच्या पेठांमधल्या खेळाचं उदाहरण घेऊन सांगते. बारा गट, प्रत्येकी पाच जण, रविवारची सकाळ, तीन तास, सात कोडी आणि शेवटचं एक महाकोडं. हाती साधारण दहा आठवडे हवेत.

शेवटापासून सुरुवात

पहिलं कोडं आधी रचायला घेऊ नका. आधी शेवटचं उत्तर ठरवा. सगळी कोडी सुटल्यावर गट कुठे पोहोचणार, आणि तिथे पोहोचल्यावर ‘अरे, हे तर पहिल्यापासून समोर होतं’ असं त्यांना का वाटणार?

आमच्या मनात आधी तुळशीबाग होती. पाच अक्षरं, म्हणून पाच कोडी, प्रत्येक उत्तराचं पहिलं अक्षर घ्यायचं. दुसऱ्याच अक्षराला गाडी अडली, कारण मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही. मग विश्रामबागवाडा घेतला. वि-श्रा-म-बा-ग-वा-डा, बरोबर सात अक्षरं. आणि पुण्यात वारांच्या पेठाही सातच: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. प्रत्येक कोडं एका पेठेतल्या ठिकाणाशी बांधायचं, पण पाकिटावर वार छापायचा नाही. उत्तरं विहीर, श्रावण, मखर, बाभूळ, गवाक्ष, वाळा, डाळिंब. ती पेठांच्या वारांप्रमाणे लावली आणि पहिली अक्षरं वाचली की वाडा समोर उभा राहतो. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७च्या सुमारास बांधलेला, थोरल्या बाजीराव रस्त्यावरचा. १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, त्यामुळे वाचनालयाच्या खेळाचा शेवट तिथे व्हावा हे आम्हाला फार आवडलं. दुरुस्तीची कामं चालू असली तर आत जाता येईलच असं नाही, म्हणून शेवट वाड्याच्या दर्शनी भागासमोर ठेवला.

महाकोडं असं हवं की सातपैकी पाच उत्तरं हाती असली तरी सुटावं. ‘वि _ म बा ग _ डा’ एवढ्यावर पुणेकराला वाडा ओळखता येतो, आणि बाहेरच्यालाही थोड्या विचाराने येतो. एका कोड्यात अडकलेला गट त्यामुळे शेवटापर्यंत पोहोचू शकतो. सातही उत्तरं असल्याशिवाय शेवट उघडत नाही अशी रचना केली, तर निम्म्या गटांचा दिवस एका कोड्यापायी वाया जातो.

मराठी कोड्याचं एकक: अक्षर

रोमन लिपीतली कोडी जशीच्या तशी मराठीत आणता येत नाहीत. तिथे प्रत्येक वर्ण सुटा असतो, तिसरा वर्ण म्हटलं की वाद होत नाही. मराठीत ‘श्रावण’मधलं तिसरं काय? वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणारा म्हणेल ‘ण’, कारण एका चौकोनात एक अक्षर, जोडाक्षरालाही एकच चौकोन. संगणकाच्या तक्त्यात लांबी मोजली तर ‘श्रावण’ सहा भरतो, कारण युनिकोड (संगणकाची अक्षरं साठवायची पद्धत) श, हलन्त, र, काना, व, ण असं मोजतं. ‘विहीर’ तीन अक्षरांची, पण मोजणी पाच येते. एका कोडेकाराने संगणकावर मोजून कोडं केलं आणि दुसऱ्याने बोटांवर मोजून, तर तुमच्याच खेळात दोन नियम तयार होतात.

म्हणून पहिल्याच बैठकीत एका कागदावर लिहा: एक चौकोन म्हणजे एक अक्षर, जोडाक्षर एकच, काना, मात्रा, अनुस्वार त्या अक्षरातच, क्ष आणि ज्ञ एकेकच. हा कागद खेळाडूंच्या पाकिटातही असू द्या. नियम माहीत असल्याने कोडं सोपं होत नाही, फक्त वाद टळतो.

शुद्धलेखनाचंही असंच. ‘डाळिंब’ आणि ‘डाळींब’ दोन्ही लिहिणारे लोक आहेत. ‘विश्रामबाग वाडा’ कोणी तोडून लिहील, कोणी जोडून. उत्तरं फोनवरच्या अर्जातून घेत असाल तर प्रत्येक उत्तराचे सगळे स्वीकारार्ह लेखनप्रकार आधीच यादीत घाला. ‘ऱ्या’सारखी अक्षरं वेगवेगळ्या कळफलकांवर आतून वेगळी साठवली जातात, डोळ्यांना सारखीच दिसतात. माझं मत विचाराल तर साठ खेळाडूंपर्यंत उत्तर तपासायला माणूसच बसवावा. तो चुकीच्या वेलांटीसाठी कोणाला परत पाठवत नाही.

गंमत म्हणजे रोमनमध्ये जे जमत नाही ते आपल्याकडे जमतं. अक्षरांना आकडे देण्याची जुनी कटपयादी पद्धत घ्या. क पासून १ ते ९, ट पासून १ ते ९, प पासून १ ते ५, य पासून १ ते ८; ञ, न आणि सुटे स्वर शून्य; जोडाक्षरात शेवटच्या व्यंजनाचाच आकडा धरायचा. ‘जय’ म्हणजे ज ८, य १, आणि उलट वाचून १८. महाभारताचं जुनं नाव जय, पर्वं १८! हे कळल्यावर प्रौढ माणसंही टाळ्या वाजवतात. भारती ब्रेल, मोडी, देवनागरीतल्या आडव्या-उभ्या चारोळ्या, सगळं वापरा. फक्त एका कोड्यात एकच उमज ठेवा. मोडी वाचायची, त्यातून कटपयादी लावायची आणि आकड्यांची ब्रेल करायची असं तीन मजली कोडं रचणाऱ्याला आवडतं, पण सोडवणारा दुसऱ्या मजल्यावरच थकतो.

ठिकाणं निवडताना

पेठांमध्ये फिरताना कोडी आपोआप सुचतात. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती ही नावंच अर्धी कोडी आहेत. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर, तिथले कोरीव दगड आणि शिलालेख. शुक्रवार पेठेतली मंडई, १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली आणि आज महात्मा फुल्यांच्या नावाची, मधला भाग अष्टकोनी. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. हे सगळं हाताशी असताना मोह होतो की ज्याला पुणं माहीत आहे त्याच्यासाठीच खेळ करावा. तसं करू नका. नांदेडहून शिकायला आलेला मुलगाही गटात असतो. नियम साधा ठेवा: लागणारी प्रत्येक माहिती पाकिटात हवी, नाहीतर त्या जागी उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसायला हवी. पुणं माहीत असेल तर थोडा वेळ वाचेल, इतकाच फायदा.

रंगवलेल्या पाटीवर कोडं बांधू नका. आम्ही एका दुकानाच्या पाटीवरचे आकडे वापरले होते. तीन आठवड्यांत पाटी नवी झाली. दगड, कोनशिला, खांबांची संख्या यांवर भरवसा ठेवा, आणि तेही खेळाच्या आदल्या संध्याकाळी जाऊन पाहून या. भूमिगत मेट्रोच्या कामात मंडईच्या आसपासचे रस्ते कित्येक वर्षं बदलत राहिले होते, ते पुणेकरांना सांगायला नको.

शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूवर चिठ्ठी चिकटवणं, खडूने खूण करणं, फटीत पाकीट खोचणं अजिबात नको. १९५८च्या पुरातन स्मारकांच्या कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो, आणि कायदा नसता तरी ते वाईटच. देवळात कोडं असेल तर पुजाऱ्यांना भेटून या, आरतीची वेळ टाळा, पाच जणांपेक्षा मोठा घोळका आत जाऊ नये असं बघा. खेळ मोठा असेल तर जवळच्या पोलीस चौकीत लेखी कळवा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. गणेशोत्सवात मांडवांनी रस्ते बंद असतात. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात; तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. त्या दिवसांत पेठांवर हक्क वारकऱ्यांचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला साधा रविवार बरा.

माणसं आणि त्यांचा हिशेब

स्वयंसेवकांचे तीन गट करा: कोडेकार, चाचणीकार आणि खेळाच्या दिवसाचे कार्यकर्ते. पाच कोडेकार पुरतात. त्यातला एक जण संपादक. त्याने स्वतः एकही कोडं रचायचं नाही. प्रत्येक कोडं उत्तर न बघता आधी त्याने सोडवायचं. ही जागा हौशी माणसाला द्यायची नाही, खरं बोलणाऱ्याला द्यायची.

आता कोऱ्या डोक्यांचा हिशेब. आठ कोडी, प्रत्येक कोडं दुरुस्त्यांसह तीनदा तपासायचं, दर वेळी तिघांचा नवा गट. म्हणजे ७२ बैठका-माणसं. एका चाचणीकाराला चारपेक्षा जास्त कोडी देऊ नयेत, तो कंटाळतो आणि तुमच्या खोडी ओळखायला लागतो. ७२ भागिले ४, म्हणजे १८ माणसं. याखेरीज रंगीत तालमीसाठी पाच-पाच जणांचे दोन गट, ज्यांनी एकही कोडं पाहिलेलं नसेल, म्हणजे आणखी १०. एकूण २८. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण चाचणी संपली की हेच १८ जण दिवसाचे उत्तम कार्यकर्ते होतात. कोडी त्यांना आतून माहीत असतात आणि खेळाडू कुठे अडकेल हे त्यांनी स्वतः अडकून पाहिलेलं असतं.

एक वही करा. डाव्या बाजूला नावं, वर कोड्यांची नावं. ज्याने जे पाहिलं तिथे तारीख घाला. गप्पांच्या ओघात उत्तर कानावर पडलं तरी घाला. आमचं एक चांगलं कोडं चहाच्या टेबलावर सहा जणांना एकदम कळलं. पुढच्या फेरीसाठी माणसं शोधताना दमछाक झाली.

‘मदतीला या’ अशा हाकेला माणसं येत नाहीत. ‘शनिवारी चार ते सहा, दोन कोडी, पोहे-चहा आमच्याकडून’ असं सांगितलं की येतात. आणि निवड सरमिसळ करा: कोडी कधीच न सोडवलेले आजोबा, शब्दकोडं रोज भरणाऱ्या मावशी, बारावीचा विद्यार्थी, मराठी बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो अशी इंग्रजी माध्यमातली मुलगी. या मुलीने आम्हाला जितकं शिकवलं तितकं कोडी सोडवण्यात तरबेज असलेल्या कोणीच शिकवलं नाही. जिथे अक्षरं बारीक होती, जिथे वाक्य लांबलं होतं, जिथे ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ उगाच आले होते, त्या सगळ्या जागा तिने दाखवल्या.

खेळवून बघणं

या भागात घाई केली तर बाकी सगळं फुकट जातं.

कोडं खेळाच्या दिवशी जसं मिळणार तसंच द्या: तोच कागद, तोच आकार, तीच छपाई. फोनच्या पडद्यावर तपासलेलं कोडं कागदावर वेगळंच वागतं. रंगांवर काही अवलंबून असेल तर काळ्या-पांढऱ्या प्रतीवरही एकदा बघा, आणि ज्यांना लाल-हिरव्यात फरक दिसत नाही अशांपैकी कोणी ओळखीत असेल तर त्यांना जरूर बोलवा.

तिघं टेबलाशी बसतील. निरीक्षक दोन हात मागे बसेल, वही-पेन-घड्याळ घेऊन. तो कोडेकार नसावा. कोडेकार खोलीत असला की त्याचा चेहरा बोलतो. गट बरोबर वाटेला लागला की त्याची भुवई उंचावते आणि ते तिघं बोलता बोलता तिकडे बघत राहतात. मी स्वतः हे केलं आहे, नकळत. सुरुवातीला निरीक्षकाने एकच सूचना द्यायची: ‘मनात येईल ते मोठ्याने बोला. इथे परीक्षा कागदाची आहे, तुमची नाही.’ मग गप्प. विचारलं तरी गप्प. पहिली दहा मिनिटं हे मौन फार जड जातं.

वहीत मिनिटांप्रमाणे लिहा. ‘४ मि.: नावं मोजायला लागले. ९ मि.: नकाशा फिरवून बघितला. १४ मि.: तिघंही गप्प. १७ मि.: एक जण खिडकीबाहेर बघतोय.’ अडकणं आणि रमणं यांत फरक आहे, तो इथेच दिसतो. वीस मिनिटं हसत, भांडत, खोडत चाललेला गट ठीक आहे. सहा मिनिटं कोणीच पेन उचललं नाही, तर ती जागा दुरुस्त करायची आहे. अशा वेळी आणखी पाच मिनिटं थांबा, मग छोटा इशारा द्या आणि तो शब्दशः लिहून ठेवा, पुढे लागतो.

कटपयादीच्या कोड्यात आम्ही तक्ता दिला होता आणि वर संस्कृत वचन लिहिलं होतं, ‘अङ्कानां वामतो गतिः’. आकडे उजवीकडून डावीकडे चालतात, हा इशारा त्यात आहे. पहिल्या गटाने ते सुंदर सजावट समजून सोडून दिलं आणि जय म्हणजे ८१ लिहिलं. दुसऱ्या गटानेही ८१. दोन्ही गटांना आपलं उत्तर बरोबर असल्याची पक्की खात्री होती. चुकीच्या उत्तराबद्दल अशी खात्री वाटायला लावणारं कोडं सर्वात वाईट, कारण तिथे गट अडकतही नाही आणि इशाराही मागत नाही. आम्ही वचन तसंच ठेवलं, पण सुटून झालेलं एक उदाहरण जोडलं: ‘राम = ५२’. र २, म ५. मग ५२ का, असं विचारायला भाग पडतं, आणि वचनाकडे नजर जाते. तिसऱ्या गटाला ते चार मिनिटांत दिसलं. त्या वेळी त्या गटातल्या आजी ‘अगं बाई’ म्हणून इतक्या खुश झाल्या की निरीक्षकाने वहीत फक्त त्या दोन शब्दांखाली रेघ मारून ठेवली.

सुटल्यावर, किंवा पंचेचाळीस मिनिटांनी थांबवल्यावर, चार प्रश्न विचारा. उत्तर बरोबर आहे याची खात्री कधी झाली? कुठे अंदाजाने उडी मारली? कशावर वेळ गेला पण उपयोग झाला नाही? यातलं काय काढलं तरी चाललं असतं? ‘आवडलं का?’ हे विचारू नका. पोहे खाल्लेला माणूस हो म्हणतो.

त्यांच्या तक्रारीवर पूर्ण विश्वास ठेवा, त्यांनी सुचवलेल्या उपायावर कमी. ‘इथे नकाशा द्या’ असं ते म्हणतात, तेव्हा खरी अडचण कदाचित एवढीच असते की सूचनेतला ‘समोर’ हा शब्द कोणाच्या समोर ते कळत नाही. दोन गट एकाच जागी अडखळले तर दोष कोड्याचा, लगेच बदला. एकच गट अडखळला तर नोंद ठेवा आणि पुढच्या फेरीची वाट बघा. आणि एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पंख्याखाली, टेबलाशी लागलेल्या वेळेला दीडने गुणा. हा माझा अनुभवाचा हिशेब. रस्त्यावर हॉर्न असतात, एक जण पाणी आणायला जातो, एकाची चप्पल तुटते. तीन तासांच्या खेळात एका कोड्याला रस्त्यावर पंचवीस मिनिटांहून जास्त परवडत नाहीत, म्हणजे टेबलावर ते सोळा-सतरा मिनिटांत सुटायला हवं.

महाकोडं वेगळं तपासा. चाचणीकारांना सात उत्तरं हातात द्या आणि बाकी काही सांगू नका. मग दुसऱ्या गटाला पाचच द्या. आमच्या एका गटाने रविवारपासून सुरुवात केली, कारण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार पहिला. त्यांना ‘डा-वि-श्रा-म-बा-ग-वा’ मिळालं, क्षणभर गोंधळले आणि मग डा उचलून शेवटी ठेवला. ही चूक आम्ही दुरुस्त केली नाही. ती स्वतःच स्वतःला दुरुस्त करते आणि लोकांना त्यात मजा येते.

इशारे

निरीक्षकांच्या वह्यांमधूनच इशारे लिहा, डोक्यातून नको. प्रत्येक कोड्याला तीन: पहिला कुठे बघायचं ते सांगणारा, दुसरा काय करायचं ते सांगणारा, तिसरा अर्धं करून देणारा. कटपयादीसाठी ‘वर लिहिलेलं वचन वाचलंत का?’, मग ‘राम २५ का नाही?’, मग पहिलं नाव सोडवून दाखवायचं. इशाऱ्याला गुण कापायचे असतील तर कमी कापा. गुणांच्या भीतीने इशारा न घेता तासभर कुढत बसलेला गट पुढच्या वर्षी परत येत नाही.

रंगीत तालीम

खेळाच्या दोन रविवार आधी, त्याच वेळेला, सगळा खेळ पायी करा. कोरे राखलेले दोन गट आणा. एका गटात वय झालेलं किंवा सावकाश चालणारं माणूस असायलाच हवं.

आमचा मूळ बेत सातही पेठा चालण्याचा होता. कागदावर अंतरं छोटी दिसत होती; सोमवार पेठेतून शनिवारवाडा पंधरा-वीस मिनिटांवर. तालमीत गुडघे दुखणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या गटाला सव्वाचार तास लागले, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ चालण्यात आणि रस्ता ओलांडण्यात गेला. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, म्हणून निरीक्षकाने घड्याळ बघितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. मग सोमवार, मंगळवार आणि रविवार पेठांची कोडी छायाचित्रं देऊन कागदावर केली, आणि चालणं बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार या लगतच्या पेठांपुरतं ठेवलं. पुढच्या तालमीत त्याच वेगाने दोन तास पन्नास मिनिटं.

तालमीत कोड्यांशिवाय हेही बघा: सकाळी कुठली स्वच्छतागृहं उघडी असतात, सावली कुठे आहे, कुठल्या गल्लीत फोनला नीट रेंज नाही, पाच जण घोळका करून उभे राहिले तर कोणाच्या दुकानाचं दार अडतं. त्या दुकानदारांना आधी जाऊन भेटा. पेठेतला माणूस विचारलं की खुशीने जागा देतो, न विचारता उभं राहिलं की हाकलतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

खेळाचा दिवस

सगळ्या गटांना एकाच ठिकाणी एकदम पाठवू नका. बारा गट, चार चालायची ठिकाणं. तीन-तीन गट वेगवेगळ्या ठिकाणांपासून सुरू करा. धावायचं नाही, वाहन वापरायचं नाही, हे पाकिटावर पहिल्या ओळीत लिहा. वेगाला बक्षीस दिलंत तर कोणीतरी बाजीराव रस्ता पळत ओलांडणार, म्हणून क्रमांक वेळेवर न लावता सुटलेल्या कोड्यांवर लावा. वेळ फक्त बरोबरी तोडायला.

वाचनालयात एक मुख्य टेबल: एक जण उत्तरं तपासायला, एक इशारे द्यायला, एक फळ्यावर कोणता गट कुठे आहे ते मांडायला. फळ्यावर एखादा गट वीस मिनिटं जागचा हलला नाही तर वाट न बघता फोन करा. दोन तासांनंतर इशारे फुकट. अडीच तासांनी ज्यांच्याकडे पाचापेक्षा कमी उत्तरं आहेत त्यांना पाच पुरी करून द्या, म्हणजे सगळे बारा गट वाड्यासमोर एकत्र पोहोचतात. शेवटी तिथे सर्वांसमोर महाकोडं मोठ्याने उलगडून दाखवा, आणि प्रत्येक कोडं कोणी रचलं, कोणी तपासलं ते नावानिशी सांगा. चाचणीकाराचं काम कोणाला दिसत नाही, म्हणून ते बोलून दाखवायलाच हवं.

त्याच संध्याकाळी, थकलेले असलात तरी, तासभर बसा. निरीक्षकांच्या वह्या, टेबलावर दिलेल्या इशाऱ्यांची यादी, फळ्याचं छायाचित्र एका फाइलीत घाला. आणि कोऱ्या डोक्यांची वही नव्या पानावर सुरू करा: आज खेळायला आलेल्यांपैकी जो कोणी जाताना ‘पुढच्या वेळी आम्हालाही रचायला घ्या’ म्हणाला असेल, त्याचं नाव आणि फोन नंबर पहिल्या ओळीत.